टॅब दाबला, पण नाव आलं नाही

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. बोललो तसंच ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.)



संयोजकांनी मला 'संगणक आणि आपण' असा विषय दिला होता. पत्रिकेतही तसंच छापलंय. पण दहा-पंधरा मिनिटांत एवढा मोठा विषय आटोपायचा म्हणजे ज्वारीचं पोतं डब्यात भरायचं. म्हणून मी तो लहान करून घेतलाय. मी आज कीबोर्डवरच्या फक्त एका कळीबद्दल बोलणार आहे. डाव्या हाताला, क्यू या अक्षराच्या शेजारी असते ती. तिला टॅब म्हणतात.

एका कळीवर काय भाषण करणार, असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. बरोबर आहे. पण या एका कळीवर भरवसा ठेवून मी आपल्या वर्गातल्या तीन जणांची नावं या मेळाव्याच्या यादीतून जवळजवळ काढून टाकली होती. त्यातली एक जण आत्ता इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तेव्हा हे भाषण कमी आणि माफीनामा जास्त आहे, असं समजा.

आधी मी काय काम करतो ते सांगतो, कारण आमच्या आईला अजून ते कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, 'कम्प्युटर दुरुस्त करतो.' मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे तुमच्या-आमच्या फोनवर जे काही येतं ते ज्या मोठ्या मशीनमधून येतं ती मशीन. तिला पडदा नसतो, माउस नसतो. तिच्याशी बोलायचं ते काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून. ही खिडकी उघडली की आपला हुकूम वाचून पुढे पोचवणारा जो प्रोग्राम असतो त्याला शेल म्हणतात. शेल म्हणजे टरफल. आपण भुईमूग पिकवणारी माणसं, आपल्याला हे लगेच कळेल. आतला दाणा म्हणजे मशीनचा मुख्य कारभार, त्याला कर्नल म्हणतात, आणि बाहेरचं टरफल म्हणजे शेल. दाण्यापर्यंत जायचं तर टरफलातूनच. शेल हा शब्द साठच्या दशकात लुई पूझँ नावाच्या फ्रेंच माणसाने रूढ केला.

आता टॅबचं काम. ते समजायला आपल्या गणिताच्या सरांची हजेरी आठवा. सर कधी पूर्ण नाव घ्यायचे नाहीत. आडनावाची पहिली दोन अक्षरं उच्चारायचे आणि चष्म्यावरून बघायचे. त्या अक्षरांचा एकच मुलगा असेल तर तो लगेच 'हजर' म्हणायचा. तीन-चार असतील तर कुणीच उठायचं नाही, सगळे एकमेकांकडे बघायचे. मग सर वैतागून म्हणायचे, 'त्या अक्षराचे सगळे उभे राहा.' सगळे उभे राहिले की त्यातला हवा तो बोटाने दाखवायचे.

टॅब हेच करतो. फाइलच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करायची आणि टॅब दाबायचा. तशी एकच फाइल असेल तर उरलेलं नाव आपोआप भरलं जातं. अनेक असतील तर जेवढं सगळ्यांत समान आहे तेवढं भरून शेल थांबतो. मग पुन्हा टॅब दाबला की सगळ्या नावांची यादी खाली उघडते. यालाच मेन्यू म्हणतात. त्यातून हवं ते निवडायचं.

ही युक्ती नवी नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत टेनेक्स नावाची एक यंत्रणा होती, तिच्यात अर्धा हुकूम लिहून एस्केप कळ दाबली की बाकीचा पूर्ण व्हायचा. ते पाहून केन ग्रीअर या माणसाने ती सोय युनिक्सच्या सी शेलमध्ये आणली, त्या शेलला टीसीशेल म्हणतात. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सने बॅश लिहिला. आज लिनक्सच्या बहुतेक मशीनवर तोच असतो. १९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकणाऱ्या पॉल फॉल्स्टॅडने झेडशेल लिहिला. तिथे झाँग शाओ नावाचे एक शिक्षक होते, त्यांचं मशीनवरचं नाव 'झेडएसएच' होतं, तेच त्याने उचललं. विद्यार्थ्याने आपल्या कामाला शिक्षकाचं नाव दिलं. हे सरांनी ऐकून ठेवावं. आमच्यापैकी कुणी अजून तेवढं केलेलं नाही.

मी गेली पंधरा वर्षं झेडशेल वापरतो. त्याचा मेन्यू फार सुरेख आहे. यादी उघडली की बाणाच्या कळांनी वर-खाली फिरता येतं, निवडलेल्या नावावर रंगीत पट्टी येते. दिवसातून हजार वेळा तरी मी टॅब दाबत असेन. आणि हजार वेळा जी गोष्ट बरोबर निघते तिच्यावर माणूस शंका घेत नाही. पुढची सगळी कथा या एका वाक्यात आहे.

आता यादीची गोष्ट.

मेळावा ठरला तेव्हा आपल्या ग्रुपवर प्रत्येकाने आठवतील ती नावं टाकली. पाथरीतल्या आपल्या मित्राने (तो आज पंगतीची व्यवस्था बघतोय, म्हणून इथे नाही, आणि म्हणून मी मोकळेपणाने बोलू शकतो) ती सगळी फोनवर टाइप करून एक यादी केली. ९६ नावं झाली. दुसऱ्या बाजूला शाळेत जुन्या कागदांचं स्कॅनिंग झालेलं होतं. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधण्याचं जे मोठं काम निघालं, त्यात शाळांच्या जुन्या रजिस्टरांना किती महत्त्व आलं हे तुम्हाला माहीत आहे. निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडी पानंसुद्धा कपाटातून बाहेर आली. त्या निमित्ताने आपल्या वर्षाचे प्रवेश-अर्जही स्कॅन झाले. एका विद्यार्थ्याची एक फाइल, फाइलला त्याचं नाव मराठीत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि आपल्या वर्षाच्या ११८ फाइली एका पेनड्राइव्हवर माझ्याकडे आल्या.

माझं काम सोपं होतं. मित्राच्या यादीतलं एकेक नाव घ्यायचं, त्या नावाची फाइल शोधायची, अर्जावरचं गाव टिपायचं आणि निमंत्रण कुठे पाठवायचं ते ठरवायचं. मी दहा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो एका मिनिटात मोकळा झाला. ९३ नावं सापडली. तीन सापडली नाहीत.

मी ग्रुपवर लिहिलं, 'ही तीन नावं शाळेच्या कागदात नाहीत. बहुधा दुसऱ्या वर्षाची असतील. आठवणीत घोळ होतो.'

लगेच पाथरीहून फोन. 'काय रे, घोळ कुणाच्या आठवणीत? ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वहीत बघून मी भूगोल पास झालो.'

मी म्हटलं, 'बाबा, मी कागद बघून सांगतोय.'

'कागद बघितलास का मशीन बघितलीस?'

हा प्रश्न फार बरोबर होता, पण त्या वेळी मला तो अडाणीपणाचा वाटला. मी त्याला पटवून द्यायला तिचं आडनाव काळ्या खिडकीत टाइप केलं. तिचं आडनाव मी इथे सांगत नाही. 'वऱ्हाड' शब्दात जसा 'ऱ्ह' येतो तसा तिच्या आडनावात आहे, आणि सुरुवातही 'व' नेच होते, एवढं पुरे. मी 'वऱ्ह' टाइप केलं, टॅब दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मेन्यू उघडला नाही. मी त्या पडद्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ. असती तर आली असती.'

त्याने उत्तर दिलं नाही. रात्री दहाला त्याने एक फोटो पाठवला. आपल्या नववीचा, शाळेच्या पायऱ्यांवरचा. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, दोन वेण्या, लाल रिबिनी. खाली फक्त लिहिलं होतं, 'ही कोण?'

मी जेवण बाजूला ठेवून बसलो.

आमच्या धंद्यात बिघाड शोधायची एक रीत आहे. जे चालतंय ते आधी बाजूला काढायचं. मी माझ्या स्वतःच्या आडनावाची दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबला. पूर्ण नाव आलं. म्हणजे कळ चांगली आहे, टॅब चांगला आहे, फाइलींचं फोल्डरही बरोबर आहे. नुसताच टॅब दाबला तर शेल विचारायचा, '११८ शक्यता आहेत, सगळ्या दाखवू का?' शंभराच्या वर नावं असली की बॅश आणि झेडशेल दोघंही मूळ सेटिंगमध्ये असं विचारतात. मी वर्षानुवर्षं सवयीने 'नको' म्हणत आलोय, त्या रात्रीही म्हणालो. एकदा 'हो' म्हटलं असतं तर तिथेच निकाल लागला असता.

मग मला वाटलं, माझी सेटिंग बिघडली असेल. झेडशेल टॅबची माहिती एका लपलेल्या फाइलमध्ये साठवून ठेवतो, ती कधी कधी शिळी होते. ती पुसून नव्याने तयार केली. फरक नाही. मेन्यूच्या सेटिंगची एकेक ओळ बंद करून पाहिली. फरक नाही. यात दीड तास गेला.

शेवटी केलं ते आधी करायला हवं होतं. झेडशेल एका खास पद्धतीने सुरू करता येतो, त्यात तो आपली कोणतीही वैयक्तिक सेटिंग वाचत नाही. कोरा शेल. घरातली गडबड बाजूला ठेवून पाहुण्याच्या नजरेने घर बघावं तसं.

कोऱ्या शेलमध्ये मी पुन्हा 'वऱ्ह' टाइप करायला लागलो, तर पडद्यावर भलतंच. 'ऱ' च्या पुढे हलन्त उमटायच्या ऐवजी टोकदार कंसात '०९४डी' असा आकडा आला. मी चमकलो. मग आठवलं. देवनागरीतल्या मात्रा, उकार, हलन्त ही चिन्हं स्वतःची जागा घेत नाहीत, ती आधीच्या अक्षराच्या अंगावर बसतात. ती तशी बसवून दाखवायची की सुटी आकड्यात दाखवायची, याचं झेडशेलमध्ये एक सेटिंग आहे. 'कम्बाइनिंग कॅर्स' त्याचं नाव. मराठी नीट दिसावं म्हणून ते मी फार पूर्वी चालू केलं होतं. कोऱ्या शेलमध्ये ते बंद होतं, म्हणून अक्षरांची हाडं दिसायला लागली.

मला ते आकडे बघवेनात. मी सगळं पुसलं, फक्त 'व' ठेवला आणि टॅब दाबला. यादी उघडली. 'व' ची सगळी नावं. आणि त्यात ती होती.

खरं सांगतो, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

टॅब दाबत दाबत तिच्या नावापर्यंत गेलो. नाव ओळीत भरलं गेलं, आणि तिथे 'र' पुढे हलन्ताचा आकडा, आणि त्याच्या पुढे आणखी एक आकडा: '२००डी'. मी टाइप केलेल्या नावात हा आकडा नव्हता. माझ्या नावात सुरुवातीचं अक्षर 'ऱ' होतं, फाइलच्या नावात साधा 'र' होता. सेटिंग चालू असताना दोन्ही नावं डोळ्यांना अगदी सारखी. आतून दोन वेगळी.

आता मराठीच्या बाईंची मदत लागणार आहे. बाई, तुम्ही आम्हाला सातवीत फळ्यावर दोन शब्द लिहून दाखवले होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. म्हणाला होतात, 'एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला फोडणीचं विचारायचं. र चुकला तर गुरुजींना भाकरी थापावी लागेल.' दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एका ठिकाणी र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्या ठिकाणी तो लहानशा कोयरीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीला हा फरक लागत नाही. मराठीला लागतो. तऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड, वाऱ्यावर, शेतकऱ्यांचा, दुसऱ्या, तिसऱ्या. आपल्या बोलण्यात तो पदोपदी आहे.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. जगातल्या सगळ्या लिप्यांची ही जी यादी आहे तिला युनिकोड म्हणतात. तिच्यात 'र' चा नंबर ०९३० आणि 'ऱ' चा ०९३१. गंमत अशी की त्या यादीत 'ऱ' च्या पुढे टीप आहे की हे अक्षर द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठी आहे, आणि याचं अर्धं रूप म्हणजे पापणीसारखा र. त्यांनी त्याला पापणी म्हटलंय. आपलं काम त्या अर्ध्या रूपावरच चालतं.

आता ही पापणी काढायच्या वाटा दोन. एक, 'ऱ' घ्यायचा आणि हलन्त लावायचा. दोन, साधा 'र' घ्यायचा, हलन्त लावायचा आणि त्याच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं. त्याचाच नंबर २००डी. ही दुसरी वाट युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली आहे, आणि जुना मजकूर मोडू नये म्हणून ती तशीच चालू ठेवली आहे. दोन्ही शुद्ध. दोन्हींनी कागदावर एकच अक्षर उमटतं. मित्राच्या फोनने पहिली वाट धरली होती, मीही इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पहिलीच धरतो. फाइलींना नावं देणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने दुसरी धरली होती. यात चूक कुणाचीच नाही. नाव देणाऱ्याने नाव बरोबरच लिहिलं होतं.

पण टॅबला अक्षर दिसत नाही. तो फक्त नंबर जुळवतो. पहिला जुळला, दुसरा जुळला नाही, विषय संपला. तो 'ही मुलगी शाळेत नव्हती' असं म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, 'तू जे टाइप केलंस त्याने सुरू होणारं माझ्याकडे काही नाही.' या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

इथे कुणाची मुलं संगणकाच्या धंद्यात असतील, बरीच आहेत असं कळलं, त्यांच्यासाठी दोन मिनिटं घेतो. बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा.

टॅब दाबून नाव आलं नाही तर जास्त टाइप करू नका, कमी टाइप करा. एका अक्षरावर या आणि मेन्यू उघडा. मला नाव माहीत होतं म्हणून मी अर्धं नाव ठोकत होतो, तिथेच अडकलो. बॅश वापरत असाल तर पहिल्या टॅबला तो नुसती घंटा वाजवतो आणि दुसऱ्याला यादी दाखवतो. 'शो ऑल इफ अ‍ॅम्बिग्युअस' हे सेटिंग चालू केलं की पहिल्याच टॅबला यादी दिसते. पण 'मेन्यू कम्प्लीट' पासून जरा जपा. त्यात यादीतलं पहिलं नाव थेट ओळीत भरलं जातं, आणि हाताला घाई असेल तर नको त्या फाइलवर एंटर पडतो. पुसायचा हुकूम असेल तर विचारूच नका. मेन्यूतले रकाने वाकडे दिसले, जुनी अक्षरं पडद्यावर चिकटून राहिली, तर समजा की शेल आणि ती काळी खिडकी यांचं अक्षरांच्या रुंदीवर एकमत झालेलं नाही. देवनागरीत हे होतंच. आणि सेटिंगवर संशय आला की एकेक ओळ बंद करत बसू नका, आधी कोरा शेल उघडा.

नावं जुळवण्याचा प्रोग्राम लिहित असाल तर जुळवण्याआधी दोन्ही बाजू सारख्या करून घ्या. 'ऱ' आणखी एका प्रकारे येतो, साधा 'र' आणि खाली नुक्ता. युनिकोडचं जे ठरलेलं सारखं करण्याचं काम आहे, ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, त्याने हा नुक्त्याचा प्रकार सुधारतो. पण जोडचिन्हाचा सुधारत नाही, कारण नियमाने ते दोन वेगळे मानले आहेत. तो आपला आपण बदलावा लागतो. मी तेवढी एक ओळ घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. ९६ पैकी ९६. राहिलेल्या तिन्ही नावांत तोच 'ऱ्ह' होता.

चहा संपला असेल तर पुन्हा इकडे या.

रात्री एक वाजता मी पाथरीला फोन लावला. तो जागाच होता. मी म्हटलं, 'सापडली.' तो म्हणाला, 'हरवली कधी होती? माउसने फोल्डर उघडून डोळ्याने वाचलं असतंस तर संध्याकाळीच सापडली असती.' पंचवीस वर्षांच्या अनुभवावर याच्याइतकी नेमकी टीका मी ऐकलेली नाही.

अर्जावर तिच्या माहेरचं गाव होतं, गोदाकाठचं. दोन दिवसांनी तिच्या भावाकडून नंबर मिळाला. मी फोन केला, नाव सांगितलं. आधी ती ओळखेना. मग मी भूगोलाच्या वहीचं सांगितलं, तेव्हा हसली. मी म्हटलं, 'निमंत्रण द्यायला उशीर झाला, माफ कर. यादीत थोडा घोळ झाला होता.'

ती म्हणाली, 'मला कळलं होतं मेळाव्याचं. बाजारात कुणीतरी बोललं. माझं नाव नाही म्हणून कळलं. मला वाटलं, मी नववीतून शाळा सोडली, दहावीला नव्हते, म्हणून काढलं असेल. बरोबरच आहे म्हटलं.'

मित्रांनो, मी तिला ऱ आणि जोडचिन्ह समजावून सांगितलं नाही. काय सांगणार? तिने मनात धरलेलं कारण इतकं साधं आणि इतकं आपलं होतं की त्यापुढे माझं खरं कारण बहाणा वाटलं असतं. तिचं लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली होती. आपल्या वर्गातल्या किती मुलींची तशीच सुटली. मी एवढंच म्हटलं, 'दहावीचा नाही, वर्गाचा मेळावा आहे. आणि तू वर्गात होतीस.'

राहिलेल्या दोघांपैकी एक जण आज मुद्दाम रजा काढून आला आहे. दुसरा आता येणार नाही. तो गेल्या वर्षी गेला. त्याच्या नावाची पत्रिका आम्ही त्याच्या मुलाला दिली. मुलगा आलाय.

आता शेवटची गोष्ट, आणि खरं तर हीच सांगायला मी उभा राहिलो.

नावं जुळल्यावर मी खुशीत होतो. ९६ पैकी ९६. मग झोपताना डोक्यात आलं की फाइली तर ११८ आहेत. मी यादीवरून फाइली शोधल्या, पण फाइलींवरून यादी बघितलीच नाही. सकाळी उठून उलट बाजूने प्रोग्राम चालवला. २२ नावं निघाली जी आपल्या कुणाच्याच यादीत नव्हती. त्यात 'ऱ' नव्हता, जोडचिन्ह नव्हतं. नंबर सगळे बरोबर होते. ती नावं कुठल्याच मशीनने गाळली नव्हती. ग्रुपवर आपण चाळीस-पन्नास जण दोन आठवडे आठवत होतो, आणि ही बावीस आपल्याला आठवली नव्हती.

कोण होती ती? मी अर्ज वाचत गेलो. बहुतेक मागच्या बाकावरची. आठवीतच शाळा सोडून कारखान्यावर, शेतावर गेलेली. एक जण दोन वर्षं पाठोपाठ नापास झालेला. वडिलांच्या बदलीमुळे फक्त सहा महिने आपल्या वर्गात असलेली एक. आपण त्यांना आठवण्यासाठी त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा टाइप केलं नव्हतं. टॅब दाबायला निदान एक अक्षर तरी लागतं. ते आपल्याकडे नव्हतं.

बाविसांपैकी चौदा जण सापडले. पाथरीतल्या त्याच मित्राने मोटारसायकलवर फिरून शोधले, मानवत रोडपासून सोनपेठपर्यंत. नऊ जण आज इथे आहेत. बाकी आठ जणांची नावं या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापली आहेत. मी संपादकांना विनंती केली होती की ती नावं एकेक अक्षर बघून, डोळ्याने वाचून छापा. ते पान कृपया प्रत्येकाने वाचा. कुणाचं नाव ओळखीचं वाटलं, कुणाचं गाव आठवलं, तर पाथरीला कळवा. फोन नंबर कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तो जेवायला वाढतोय.

आपल्याकडे म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. त्यात मी भर घालत नाही. फक्त गणिताच्या सरांना एक सांगायचं आहे. सर, तुम्ही दोन अक्षरांवर हजेरी घ्यायचात आणि कुणी 'हजर' म्हटलं नाही तर लगेच गैरहजर लिहायचा नाहीत. आधी वर बघायचात. एकदा वर्गभर नजर फिरवायचात. मग पेन उचलायचात. माझ्या धंद्यातल्या कुठल्याही पुस्तकात मला ते वाचायला मिळालं नाही. ते मी इथे शिकलो होतो आणि विसरलो होतो.

तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुमची हजेरी लागली आहे.

जेवण तयार आहे असं कळतंय, तेव्हा थांबतो.